ग्लेन डाबरे पुढे धावतो

आमचा नवा अल्बम आल्यापासून लोक मला दोनच प्रश्न विचारतात. एक, आवाज एवढा उबदार कसा आला, माइक कुठले वापरले? आणि दोन, ड्रम्सवर कोण आहे? दोन्हींचं उत्तर एकच आहे आणि ते उत्तर या वेळी बहुधा मेट्रोच्या डेपोत एखाद्या डब्याच्या दाराशी टॉर्च घेऊन वाकलेलं असतं. ग्लेन डाबरे, वय चव्वेचाळीस, मूळ वसईचा, राहणार सिडनीतलं वेंटवर्थव्हिल. मेट्रोच्या गाडीला ड्रायव्हर नसतो. दारं आपोआप उघडतात, ठरलेल्या सेकंदाला मिटतात. ती तशीच मिटावीत म्हणून ग्लेनला पगार मिळतो. सेकंदांवर पोट भरणारा हा माणूस ड्रम्सवर बसला, की गाण्याच्या सुरुवातीला असतो त्या वेगात शेवटाला नसतो. पुढे धावतो. थोडाथोडका नव्हे, चांगला धावतो.

हे मी आज कौतुकाने सांगते आहे. पण पाच वर्षांपूर्वी याच धावण्यापायी मी त्याच्याशी जे वागले ते आधी सांगायला हवं, नाहीतर माझ्या कौतुकाला काही अर्थ नाही.

आमच्या बँडचं नाव ‘परसदार’. आम्ही चौघं. मी दीप्ती, गाते आणि गाणी लिहिते. पुण्याहून मास्टर्ससाठी आले, राहिले, आणि आता कौन्सिलच्या ऑफिसात लोकांच्या कुंपणांच्या उंचीचे अर्ज तपासते. हृषीकेश गिटार वाजवतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि कुठल्याही गोष्टीचा आलेख काढल्याशिवाय त्याला ती पटत नाही. प्रिसिला बास वाजवते. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, ग्लेनसारखीच वसईची, पण दुसऱ्या गावची. ग्लेनला तिनेच आणलं. चर्चच्या ख्रिसमसच्या कार्यक्रमात कोणाचा तरी उसना ड्रमसेट वाजवत होता, तिथून उचलून.

माणूस म्हणून ग्लेनमध्ये खोट काढायला जागा नाही, आणि मला खोट काढायला आवडतं. प्रॅक्टिसला पंधरा मिनिटं आधी येतो. समोर ठेवाल ते खातो. माझं वॉशिंग मशीन त्याने दोनदा दुरुस्त केलंय, दुसऱ्यांदा तर मी सांगायच्या आधी, नुसता आवाज ऐकून. वाद घालत नाही. त्याची मुलगी ॲबिगेल म्हणते, ‘डॅड टॉक्स विथ स्क्रूड्रायव्हर्स.’ वसईला त्याचे वडील नॉर्बर्ट चाळीस वर्षं लग्नांच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे. ग्लेनही कॉलेज संपेपर्यंत त्याच बँडमध्ये होता. संगीताचं शिक्षण म्हणाल तर एवढंच.

आमचा पहिला अल्बम आम्ही भाड्याच्या स्टुडिओत केला. तिथे प्रत्येकाची खोली वेगळी, मध्ये काच, आणि प्रत्येकाच्या कानात क्लिक. क्लिक म्हणजे एकसारखी टिकटिक, तिच्या बरोबरीने वाजवत राहायचं. ग्लेन दोन दिवस त्या टिकटिकीशी झगडला. तिच्याबरोबर राहिला, की हात लाकडासारखे व्हायचे आणि हात मोकळे झाले, की टिकटिक मागे पडायची. तिसऱ्या दिवशी तिथल्या इंजिनिअरने हृषीकेशला आणि मला बाजूला घेतलं. मोठ्या गोडीत म्हणाला, की काळजीचं कारण नाही, मी सगळीकडे मशीनचे ड्रम्स बसवतो, कोणाला कळणारही नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हो म्हटलं.

प्रिसिला त्या दिवशी शिफ्टला होती. तिला नंतर कळलं तेव्हा ती दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलली. ग्लेनला सांगायचं काम माझं होतं आणि मी सांगितलं नाही. आधी म्हटलं, मिक्सिंग होऊ दे. मग म्हटलं, अल्बम येऊ दे. मग अल्बम आला, कम्युनिटी रेडिओवर वाजला, लोकांना आवडला, आणि आता सांगून त्याचा आनंद कशाला घालवायचा, असं मी स्वतःला पटवलं. मी स्वतःला पटकन पटते. ग्लेनने अल्बम ऐकला आणि म्हणाला, ‘क्लीन आलंय.’ मला हायसं वाटलं. त्याला कळलं नाही, याचं हायसं. आज लिहितानाही लाज वाटते.

त्यानंतर चार वर्षांनी हृषीकेशने कॅसल हिलला घर घेतलं. मोठं घर, मुलांच्या शाळेसाठी घेतलेलं, दोन गाड्यांचं गॅरेज. त्या गॅरेजकडे बघून मी म्हटलं, आता आपला स्वतःचा स्टुडिओ. हृषीकेश लगेच लॅपटॉप उघडून किती वेळ लागेल ते काढू लागला. ग्लेन गॅरेजच्या शटरपाशी उकिडवा बसून खालच्या फटीतून येणारा उजेड बघत होता. म्हणाला, ‘मी बांधतो.’

सात महिने, दर शनिवारी. शटरच्या आतून त्याने दुसरी भिंत उभी केली, दारांना रबराच्या पट्ट्या अशा बसवल्या, की शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र आत ऐकूच येईना. कोपऱ्यांत आवाज घुमू नये म्हणून जाड काहीतरी हवं होतं. दुकानात मिळणारे फोम त्याला पसंत पडेनात. मग त्याने हॅरिस पार्कच्या देशी दुकानांतून तांदूळ येतो त्या चेनच्या कापडी पिशव्या गोळा केल्या. वेंटवर्थव्हिलच्या घराघरांतून जुने कपडे मागितले, पिशव्या ठासून भरल्या आणि छतापर्यंत रचल्या. चर्चमधल्या दोन बायकांनी गोधड्या दिल्या, त्या भिंतींवर टांगल्या. आमचा स्टुडिओ बघून कोणाला वाटावं, की इथे लग्नघरचं कोठीघर मांडलंय. पण आत टाळी वाजवली, की ती टाळीच ऐकू यायची, खोली ऐकू यायची नाही. मी पहिल्यांदा तिथे एक ओळ गायले आणि लगेच तीच पुन्हा गायले. माझा आवाज इतका जवळून मी कधी ऐकला नव्हता.

हृषीकेशच्या नकाशात मध्ये काचेची एक भिंत होती, ड्रम्स वेगळे ठेवायला. ग्लेनने ती बांधली नाही. हृषीकेशने तीनदा विचारलं, तिन्ही वेळा ग्लेनने म्हटलं, की जागा कमी आहे, सगळे एकत्रच बसू, हेडफोन नकोत, एकमेकांना ऐकू. एरवी कशालाच नाही न म्हणणारा माणूस एवढ्या एकाच गोष्टीवर अडून बसला, म्हणून आम्हीही ताणलं नाही.

पहिलं गाणं घेतलं ‘अरायव्हल्स’. माझी आई पहिल्यांदा सिडनीला आली तेव्हा मी एअरपोर्टवर दीड तास उभी होते, त्यावर लिहिलेलं. ‘दार उघडतं, दार मिटतं, तू अजून आत’ अशी त्याची सुरुवात. साडेसहा मिनिटांचं गाणं, माझ्या मते अल्बमचा जीव. एकाच खोलीत चौघं, एका दमात, मध्ये थांबायचं नाही. चार वेळा वाजवलं. चारही वेळा शेवटच्या कडव्यात माझी आणि ड्रम्सची फारकत व्हायची. मी एकीकडे, ग्लेन दुसरीकडे.

हृषीकेशने आलेख काढलाच. गाणं मिनिटाला चौऱ्याऐंशी ठोक्यांवर सुरू व्हायचं आणि अठ्ठ्याण्णववर संपायचं. त्याने मला किचनमध्ये बोलावून स्क्रीन दाखवली आणि हळू आवाजात म्हणाला, की मागच्या वेळेसारखं करावं लागेल. पण मागच्या वेळेसारखं करताही येईना. सगळे एकाच खोलीत असल्यामुळे ग्लेनचे ड्रम्स माझ्या माइकमध्ये होते, गिटारच्या माइकमध्ये होते, सगळीकडे होते. ते काढायचे तर सगळंच काढावं लागलं असतं. म्हणजे आधी ती काचेची भिंत बांधा, ग्लेनला तिच्यापलीकडे बसवा, मग पुढचं. ती भिंत कोण बांधणार? अर्थात ग्लेन. आणि त्याला ते सांगायचं कोणी? हृषीकेश माझ्याकडे बघत राहिला.

मी म्हटलं, पुढच्या शनिवारी सांगते. तो आठवडा मी ऑफिसात तीन लोकांवर विनाकारण खेकसले. एका माणसाने सात महिने खपून खोली बांधली आणि आता मी त्याला सांगणार, की बाबा रे, हिच्यात अजून एक भिंत घाल, तुला बाहेर ठेवायला. अल्बम चांगला व्हायला हवा हे तर खरंच होतं. माझी गाणी होती ती, मला ती वाकडीतिकडी नको होती. पण दुसऱ्यांदा तेच करायचं, आणि तेही त्याच्याच हातून?

शनिवारी मी ठरल्यापेक्षा आधी पोचले तर प्रिसिला माझ्याही आधी येऊन बसली होती. मागच्या आठवड्याची रेकॉर्डिंगं ऐकत होती आणि तिचा पाय हलत होता. ग्लेन बाहेर गाडीतून केबल काढत होता. मी तिला काय सांगायला आलेय ते सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने फक्त गाणं मागे नेलं आणि शेवटची दोन मिनिटं पुन्हा लावली.

‘तू कधी लग्नात घागर उचललीयेस?’ तिने विचारलं.

मी म्हटलं, पुण्यात आमच्या लग्नात हॉलवाला बिसलेरी देतो.

मग तिने सांगितलं ते असं. त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जातात. बँड पुढे, बायका मागे. जाताना घागरी रिकाम्या, म्हणून चाल संथ, गाणी, थट्टा, वाटेतल्या घरांपाशी थांबणं. येताना घागरी भरलेल्या. डोक्यावर वजन, मान अवघडलेली, आणि दारात सगळं घर वाट बघत उभं. तेव्हा ढोलवाला ठेका हळूहळू चढवतो. एकदम नाही, कोणाचं पाणी सांडता कामा नये. पण घर जसजसं जवळ येईल तसतसा पाय उचलायला लावतो. जो ढोलवाला एकाच चालीत वाजवत राहतो त्याला बायका शिव्या घालतात.

‘नॉर्बर्ट अंकलचा ठेका सगळ्या पट्ट्यात फेमस होता,’ प्रिसिला म्हणाली. ‘त्यांच्या मागे चाललीस की घागर हलकी वाटायची. ग्लेन तेच करतोय. त्याला स्वतःलाही माहीत नाही बहुतेक, हात शिकलेत. आणि तू शेवटच्या कडव्यात काय करतेस ते ऐक. दार उघडलं, आई दिसली, आणि तू तिथेच उभी राहून रडतेस. अगं, चाल ना पुढे.’

मी ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी मी सूर धरून ठेवत होते, लोंबकळत होते, आणि ग्लेन माझ्यासाठी थोडा थांबून पुन्हा पुढे जात होता. चारही वेळा. मागे मी राहत होते आणि भिंत त्याच्याभोवती बांधायला निघाले होते. त्या दिवशी एअरपोर्टवर आई दिसल्यावर मी काय केलं होतं ते मला चांगलं आठवतं. कठड्याखालून वाकून पळत गेले होते आणि सिक्युरिटीवाला मागून ओरडत होता. गाण्यात मात्र मी शहाण्यासारखी उभी.

हृषीकेश आला तेव्हा मी त्याला सांगितलं, की भिंत बांधायची नाही. तो आलेख उघडायला लागला. मी म्हटलं, आलेख ठेव, गिटार घे. माझा हा आवाज घरी आणि ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे, त्याने गिटार घेतली. ग्लेनला मी एवढंच म्हटलं, की शेवटच्या कडव्यात माझ्यासाठी थांबू नकोस, मी येते. त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मान हलवली.

पाचवं रेकॉर्डिंग. सुरुवात नेहमीसारखी, ग्लेन तारांच्या ब्रशने हळुवार वाजवत होता. दुसऱ्या कडव्यापाशी त्याने काठ्या घेतल्या आणि मला पायांखाली काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. पूर्वी तिथे मी घाबरून सूर धरायचे. या वेळी सोडला. प्रिसिलाचा बास त्याच्या पायाला पाय लावून चालला होता. शेवटच्या कडव्यात मी श्वास कुठे घेतला ते मला आठवत नाही. गाणं संपलं तेव्हा हृषीकेशच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो ते आलेखाने सिद्ध करू शकत नव्हता. मी मोठ्यांदा हसले. मला इतकं बरं गाण्यात कधी वाटलं नव्हतं, आणि हे मी चाळीस वर्षांची बाई खोट्या विनयाशिवाय सांगते, ते आमचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे.

आम्ही ते स्पीकरवर लावून ऐकलं. दुपारचे चार वाजले असतील. ग्लेन जमिनीवर बसून केबलची गुंडाळी करत ऐकत होता. संपल्यावर त्याने हृषीकेशला विचारलं, की याची फाइल मिळेल का, पप्पांना वसईला पाठवायची आहे. आत्ता त्यांचा नाष्टा झाला असेल, निवांत ऐकतील.

मी सहज म्हटलं, ‘आपला पहिला अल्बम आवडला होता का रे त्यांना?’

‘तो नाही पाठवला,’ ग्लेन म्हणाला. गुंडाळी चालूच होती. ‘त्यात मी नव्हतो ना.’

प्रिसिलाने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, कधीपासून माहीत आहे.

‘पहिल्या गाण्यापासून. दीप्ती, मी दिवसभर दारांचे आवाज ऐकतो. मशीन कुठलं आणि माणूस कुठला, एवढं कळतं मला.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘वाटलं, तू सांगशील.’

पाच वर्षं. पाच वर्षं हा माणूस माझ्या घरी येऊन माझं वॉशिंग मशीन दुरुस्त करत होता आणि मी सांगेन म्हणून वाट बघत होता. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, ‘माझं चुकलं, ग्लेन. मी घाबरले आणि मग सोयीने विसरले. हृषी होता बरोबर, पण सांगायचं मला होतं. सॉरी.’

‘आय नो,’ तो म्हणाला. मग त्याने हाताने आमच्या त्या खोलीकडे दाखवलं, पिशव्या, गोधड्या, जिथे काचेची भिंत यायची होती ती मोकळी जागा. ‘म्हणूनच असं बांधलं. सगळ्यांनी एका खोलीत वाजवलं, की मग कोणालाच काढता येत नाही. मला नाही, तुलाही नाही.’

त्यात राग नव्हता. एखाद्या दाराची रचना समजावून सांगावी तसं त्याने सांगितलं. हृषीकेश स्टुलावरून उठला आणि त्याच्या शेजारी येऊन बसला, सॉरी म्हणायला त्याला जमेना, म्हणून केबलचं दुसरं टोक धरून गुंडाळू लागला.

‘एक काम कर,’ ग्लेन मला म्हणाला. ‘त्या जुन्या अल्बमवर ड्रम्सपुढे माझं नाव आहे. ते काढ. जे वाजवलं नाही ते माझ्या नावावर नको.’

मी फोन काढला आणि आमची गाणी चढवतो त्या साइटवर गेले. पासवर्ड दोनदा चुकला. नाव पुसल्यावर तिथली रिकामी चौकट पुढे जाऊ देईना, काहीतरी लिहा म्हणाली. काय लिहू, मी विचारलं.

‘मशीन लिही,’ ग्लेन म्हणाला. ‘बरं वाजवलंय त्याने.’

मी लिहिलं. मग त्याच हाताने नव्या अल्बमचं पान उघडलं, ड्रम्सपुढे ‘ग्लेन डाबरे’ असं टाइप केलं आणि फोन त्याच्यापुढे धरला. त्याने तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि परत दिला.

‘पूर्ण नाव टाक,’ तो म्हणाला. ‘ग्लेन नॉर्बर्ट डाबरे.’